व्यवस्थापित शोधसेवा आणि मराठी सामान्यरूप : तीन ग्रामनामांच्या आधारे एक परीक्षण

संगणकावर साठविलेल्या लेखनातून हवा तो मजकूर शोधून देणे आणि यंत्रणेत घडणाऱ्या प्रत्येक घटनेची नोंद ठेवून त्या नोंदींचे विश्लेषण करणे, ही दोन कामे आता बहुधा एकाच प्रकारच्या सेवेकडे सोपविली जातात. ही सेवा भाड्याने मिळते. यंत्रे, जागा आणि वीज पुरविणाऱ्याची. ग्राहकाने आपला मजकूर आणि आपले प्रश्न तेवढे आणावयाचे. तिला व्यवस्थापित क्लाउड सेवा असे म्हणतात. तिचा विचार होतो तो बहुतेक वेळा वेग, खर्च आणि सुरक्षितता ह्या तीन अंगांनी. ती मराठी कशी वाचते, हा प्रश्न अभियंत्याला आपला वाटत नाही आणि मराठीच्या अभ्यासकाला तो ठाऊकच नसतो. प्रस्तुत परीक्षणाचा विषय तोच आहे.

परीक्षणासाठी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन ग्रामनामे घेतली आहेत. मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर ही स्थानके ह्याच क्रमाने येतात. परंतु ही निवड केवळ शेजाराची नाही. विभक्तिप्रत्यय लागताना ही तीन नावे तीन निरनिराळ्या रीतींनी वागतात, आणि मराठी नामाच्या विकाराचे बरेचसे प्रश्न त्यांत येऊन जातात. शिवाय ह्या गावांत राहणाऱ्यांना पाणी, कर, दाखले, पूर आणि लोकल गाड्या ह्यांविषयीची माहिती रोज शोधावी लागते. त्यांनी शोधखिडकीत घातलेला शब्द निष्फळ ठरला, तर ती गोष्ट केवळ व्याकरणाची राहत नाही.

ह्या सेवांचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. डग कटिंग ह्यांनी १९९९ मध्ये ल्युसीन हा शोधकार्याचा पाया लिहिला. त्यावर शाय बॅनन ह्यांनी २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च उभारले. ॲमेझॉनने २०१५ मध्ये तेच भाड्याच्या सेवेच्या रूपाने देण्यास आरंभ केला. २०२१ मध्ये परवान्यावरून वाद झाला आणि ॲमेझॉनने ओपनसर्च ही निराळी शाखा काढली. २०२४ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनकडे गेली. ॲमेझॉनच्या क्लाउडचा ‘मुंबई’ नावाचा विभाग २०१६ पासून चालू आहे. परवाने बदलले, नावे बदलली. परंतु भाषाविषयक नियम ज्या थरात असतात तो ल्युसीनचा थर दोन्ही शाखांत तसाच खाली राहिला. मराठीच्या दृष्टीने ह्या इतिहासात लक्षात ठेवावयाचे ते एवढेच.

‘व्यवस्थापित’ हे विशेषण काय व्यापते, हे येथेच पाहणे बरे. सेवा पुरविणारा यंत्रे दुरुस्त ठेवतो, मजकुराचे तुकडे अनेक यंत्रांवर वाटून त्यांच्या प्रती राखतो, दर तासाला छायाप्रत घेऊन ती चौदा दिवस जपतो. सर्व तुकडे आणि त्यांच्या प्रती जागेवर असल्या की नियंत्रणपटावर हिरवा रंग दिसतो. एखादी प्रत जागेवर नसेल तर पिवळा, मूळ तुकडाच नसेल तर लाल. हा हिरवा रंग मोठा समाधानकारक असतो. मात्र त्याचा अर्थ फक्त साठवण शाबूत आहे एवढाच होतो. बदलापूरच्या एखाद्या गृहस्थाने विचारलेल्या शब्दाला उत्तर मिळाले की नाही, ह्याचा त्या रंगाशी काही संबंध नाही. मजकूर कोणत्या नियमांनी शब्दांत तोडावा, कोणते शब्द गाळावेत, कोणते प्रत्यय काढावेत, हे ठरविणे व्यवस्थापनात मोडत नाही. ते ग्राहकाचे काम समजले जाते, आणि ग्राहक ते बहुधा करीत नाही; समोर जे तयार मिळते ते घेतो.

तयार काय मिळते? भाषावार तयार विश्लेषकांची एक यादी मिळते. विश्लेषक म्हणजे मजकुरातील शब्द सूचीत घालण्यापूर्वी त्यांना एकरूप करणारा नियमसंच. ह्या यादीत हिंदी आहे, बंगाली आहे. बास्क आहे, गॅलिशियन आहे, आयरिश आहे, सोरानी कुर्दी आहे. मराठी नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांवर होती, आणि बास्क बोलणारे दहा लाखही भरत नाहीत. अर्थात अशा यादीत प्रवेश लोकसंख्येवर मिळत नाही. कोणीतरी नियम लिहून, तपासून, मुक्त परवान्याखाली दिलेले असावे लागतात. ह्या अभावाचा दोष म्हणूनच केवळ परदेशी कंपनीच्या माथी मारता येणार नाही.

आता मूळ अडचण पाहू. मोल्सवर्थच्या कोशात किंवा महाराष्ट्र शब्दकोशात ‘पुरात’ हा शब्द शोधणारा वाचक ‘पुरात’ ह्या जागी जात नाही. तो मनातल्या मनात प्रत्यय काढतो, ऱ्हस्व उकाराचा दीर्घ करतो आणि ‘पूर’ ह्या जागी जातो. हे इतके सहज घडते की त्यात व्याकरण आहे ह्याची त्याला जाणीवही नसते. यंत्राची सूची मात्र अक्षरशः सूची असते. कोणतीही भाषा न सांगता सेवा वापरली, तर तिच्या सामान्य विश्लेषकाला ‘बदलापूर’ आणि ‘बदलापुरात’ हे ‘आकाश’ आणि ‘पाताळ’ ह्यांइतकेच निराळे शब्द वाटतात. पहिल्याचा शोध घेतला तर दुसरा ज्यात आहे तो कागद वर येत नाही.

बदलापूरचे उदाहरण ह्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. ग्रामनामाच्या शेवटी येणारा ‘पूर’ दीर्घ लिहावा, असे साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखननियमांत सांगितले आहे. सामान्यरूप होताना मात्र तो ऱ्हस्व होतो : बदलापुरात, बदलापुरातील, बदलापुरी. आणि प्रचलित वापरात काही प्रत्ययांपुढे सामान्यरूप होतच नाही : बदलापूरला, बदलापूरचा, बदलापूरहून. म्हणजे एकाच नावाची दोन अंगे शेजारी शेजारी नांदतात. जुन्या वळणाचे ‘बदलापुरास’ अजूनही कागदपत्रांत भेटते. लिहिणाऱ्याला ह्यात काही अडत नाही. यंत्राला मात्र प्रत्यय काढल्यावरही ‘बदलापुर’ आणि ‘बदलापूर’ असे दोन अवशेष उरतात.

अंबरनाथची गोष्ट निराळी. येथे स्वराची लांबी बदलत नाही. येथे सामान्यरूप असणे वा नसणे हेच अर्थभेदक आहे. ‘अंबरनाथाचे देऊळ’ आणि ‘अंबरनाथचे स्टेशन’ ह्या दोन प्रयोगांत मराठी भाषकाचा कान चुकत नाही. पहिल्यात देव आहे, म्हणून नाम विकार पावले. दुसऱ्यात गाव आहे, म्हणून ते अविकृत राहिले. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन मंदिर ह्या गावी उभे असल्यामुळे हा भेद केवळ पुस्तकी नाही. मंदिराविषयीचे लेखन हवे असणारा संशोधक आणि स्थानकावरील पुलाविषयीची तक्रार शोधणारा प्रवासी ह्यांना एक ‘आ’कार वेगळे करतो. सर्व प्रत्यय सरसकट तोडणारा नियमसंच लिहिला तर तो आकार जातो आणि देव व गाव एक होतात. न लिहिला तर ‘अंबरनाथ’ शोधणाऱ्याला दोन्हीही सापडत नाहीत. भाषेतील सूक्ष्म भेद राखणे आणि शोध सुलभ करणे ही दोन उद्दिष्टे परस्परांच्या विरुद्ध ओढतात, आणि कोठे थांबावयाचे हे यंत्र सांगू शकत नाही.

उल्हासनगरात व्याकरणाची अडचण त्या मानाने किरकोळ आहे. तेथे अडचण लेखनाची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पण छावण्यांचे क्रमांक पत्त्यांतून गेले नाहीत. ‘कॅम्प नं. ४’, ‘कॅम्प क्र. ४’, ‘उल्हासनगर-४’, हिंदी वळणाचे ‘कैंप ४’, शिवाय रोमन लिपीतील रूपे, आणि चारचा आकडा कधी देवनागरी तर कधी इंग्रजी. सिंधी भाषा तर देवनागरीतही लिहितात आणि अरबी लिपीतही. एकाच घराचा पत्ता इतक्या वेषांत येतो. देवनागरी आणि इंग्रजी अंक एकरूप करण्याची सोय ह्या सेवांत तयार आहे, ‘नं.’ आणि ‘क्र.’ एक आहेत हे मात्र तिला शिकवावे लागते.

मराठी विश्लेषक नाही म्हटल्यावर स्वाभाविकपणे हाताशी येतो तो हिंदीचा. लिपी एक, शब्दसंग्रह बराचसा समान. तेव्हा हिंदीचे नियम मराठीला निदान अर्धेमुर्धे लागू पडतील, अशी समजूत होते. ही समजूत कितपत खरी आहे, हे नियम प्रत्यक्ष लावून पाहिल्याखेरीज कळत नाही.

हिंदी विश्लेषक तीन कामे करतो. प्रथम तो लेखनभेद मिटवितो : दीर्घ स्वरांचे ऱ्हस्व करतो, हलन्त काढतो, ‘कॅ’चा ‘के’ करतो. मग ठराविक शब्द गाळतो. शेवटी प्रत्यय काढतो. पहिल्या कामाने मराठीचे खरोखर कल्याण होते. ‘बदलापूर’चा ‘बदलापुर’ झाला की दीर्घ-ऱ्हस्वाचा जो तंटा वर वर्णिला तो मुळातच मिटतो. हिंदीकरिता केलेली ही सोय मराठी सामान्यरूपाच्या नेमकी उपयोगी पडावी, हा योगायोग मोठा सुखद आहे. तिची किंमतही आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’ ह्यांत मग भेद उरत नाही. नगरपालिकेच्या कागदपत्रांत ‘पाणि’ म्हणजे हात हा अर्थ क्वचितच यावयाचा, म्हणून तेथे ही किंमत परवडते. संतकाव्याच्या सूचीत ती परवडणार नाही.

दुसऱ्या कामापासून अनर्थाला सुरुवात होते. हिंदीत जे शब्द फार वारंवार येतात आणि ज्यांनी शोधाला मदत होत नाही, ते गाळावेत असा नियम आहे. त्या यादीत ‘का’, ‘या’, ‘तो’ आहेत. ते मराठीतही गाळले गेले तर विशेष बिघडत नाही. पण त्याच यादीत ‘घर’ आहे आणि ‘कर’ आहे. हिंदीत ‘कर’ हे ‘करना’ ह्या क्रियापदाचे रूप. मराठी नागरिकाच्या लेखी तो नगरपालिकेला भरावयाचा पैसा. ‘पाणी कर’ असे विचारले तर शोधात नुसते पाणी उरते. ‘घर’ असे विचारले तर काहीच उरत नाही. त्यातही गंमत अशी की ‘घरात’, ‘घराचा’, ‘घरपट्टी’ हे शब्द यादीत नसल्यामुळे सुरक्षित राहतात. प्रथमा गेली आणि सप्तमी राहिली, असा चमत्कार कोणत्याही व्याकरणकाराने कल्पिला नसेल. ‘वर्ग’ हा शब्दही ह्या यादीत आहे. शाळा-महाविद्यालयांच्या कागदपत्रांचे काय होईल ते वेगळे सांगावयास नको.

तिसरे काम प्रत्यय काढण्याचे. त्याची पद्धती अनंतकृष्णन रामनाथन आणि दुर्गेश राव ह्यांनी २००३ मध्ये हिंदीकरिता मांडली. ती हलकी, सुटसुटीत आणि हिंदीच्या पुरती सयुक्तिक आहे. तीत ‘जाकर’, ‘देखकर’ ह्यांसारख्या पूर्वकालवाचक रूपांसाठी ‘कर’ हा अंत्यभाग काढून टाकण्याचा नियम आहे. मराठीत ‘कर’ हा गावावरून माणसाला मिळणारा प्रत्यय. परिणामी ‘बदलापूरकर’ ह्या शब्दातून माणूस नाहीसा होतो आणि गाव उरतो. कोणी म्हणेल की ह्यात बिघडले काय, गाव तर सापडला! परंतु हाच नियम आडनावांना लागतो. तेंडुलकरांचे ‘तेंडुल’ होते, मर्ढेकरांचे ‘मरढे’, आंबेडकरांचे ‘अंबेड’. ‘मंगेशकर’ आणि ‘मंगेश’ एकाच नोंदीखाली जातात. ‘ाकर’ असा आणखी एक अंत्यभाग त्या यादीत असल्यामुळे ‘सुधाकर’ आणि ‘सुधा’ एकरूप होतात. आणि नाट्यछटाकार ‘दिवाकर’ ह्यांचा शोध घेणारा विद्यार्थी कल्याणच्या अलीकडील ‘दिवा’ स्थानकावर उतरविला जातो.

उलट, जे प्रत्यय मराठीत खरोखर काढावयास हवेत त्यांची ह्या पद्धतीला दादही नाही. ‘बदलापूरने’ मधील ‘ने’ निघतो, कारण तो हिंदीतही आहे. ‘बदलापूरचा’, ‘बदलापूरची’, ‘बदलापूरचे’ ह्या तिहींचे ‘बदलापुरच’ होते. म्हणजे लिंगभेद गेला, पण षष्ठीचा ‘च’ चिकटून राहिला, आणि ही तिन्ही रूपे मूळ नावापासून दूरच राहिली. ‘बदलापूरला’चे ‘बदलापुरल’ होते. ‘बदलापुरात’ आणि ‘बदलापुरातील’ ह्यांचे प्रत्यय जागचे हलत नाहीत. सप्तमी हीच ग्रामनामाची सर्वांत अधिक वापरली जाणारी विभक्ती असावी; तीच ह्या नियमांना दिसत नाही. एक गोष्ट मात्र ह्या अपुरेपणामुळे साधते. ‘अंबरनाथाचे’ आणि ‘अंबरनाथचे’ ह्यांचे अवशेष ‘अंबरनाथाच’ आणि ‘अंबरनाथच’ असे भिन्न राहतात, तेव्हा देव आणि गाव ह्यांत गल्लत होत नाही. हे श्रेय अज्ञानाचे आहे.

मराठीसाठी काहीच झाले नाही, असे मात्र नव्हे. माहितीशोधाच्या मूल्यमापनासाठी भारतात २००८ पासून चाललेल्या ‘फायर’ ह्या उपक्रमात हिंदी व बंगालीबरोबर मराठीचाही कसोटीसंग्रह तयार झाला. त्याच्या आधारे स्वित्झर्लंडमधील लिलियाना डोलामिच आणि झाक साव्ह्वा ह्यांनी तिन्ही भाषांचा तौलनिक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्यय मुळीच न काढण्याच्या तुलनेत खोलवर प्रत्यय काढल्याने शोधाची गुणवत्ता हिंदीत सुमारे २८ टक्के, बंगालीत १८ टक्के आणि मराठीत ४२ टक्के सुधारते, असे त्यांना आढळले. ह्या तीन आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. हिंदीत ‘में’, ‘को’, ‘का’ हे नामापासून सुटे लिहिले जातात, म्हणून नाम बरेचसे मोकळे असते. मराठीत प्रत्यय जोडून, शब्दयोगी अव्ययही जोडून, आणि त्यावर पुन्हा प्रत्यय : ‘अंबरनाथजवळच्या’, ‘बदलापूरपासूनचा’. ज्या भाषेला प्रत्ययविचाराची गरज ह्या तिघींत सर्वाधिक आहे, तीच सेवेच्या यादीत नाही. ज्यांना ती कमी आहे त्या दोघी आहेत. गाळावयाच्या हिंदी शब्दांची जी यादी वर पाहिली तीही साव्ह्वा ह्यांच्याच कामावरून आलेली आहे. त्यांनी मराठीकरिताही नियम केले. ते तेथवर पोहोचले नाहीत.

त्याच अभ्यासात एक सोपा पर्याय तपासला आहे : व्याकरण बाजूस ठेवून प्रत्येक शब्दाची पहिली चार चिन्हे तेवढी सूचीत घालावयाची. हा उपाय खोल प्रत्ययविचाराच्या जवळजवळ बरोबरीने चालतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आळशी माणसाला हा निष्कर्ष फार आवडेल. परंतु तो वृत्तपत्रांच्या संग्रहावरील सरासरीचा निष्कर्ष आहे. विशेषनामांवर तो लावून पाहावा. यंत्र मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे प्रत्येकी एक चिन्ह धरते. त्या हिशेबाने ‘बदलापूर’चे ‘बदला’ होते आणि त्याच आरंभाचे इतर शब्द त्याच्या शेजारी येऊन बसतात. ‘अंबरनाथ’चे ‘अंबर’ होते, म्हणजे आकाश. ‘उल्हासनगर’चे ‘उल्ह’ उरते, आणि उल्हास नदी, उल्हासनगर शहर व मनातला उल्हास ही तिन्ही एकत्र होतात. नदी आणि शहर ह्यांतला फरक एरवी कदाचित सोडून देता येईल. पावसाळ्यात तो सोडता येत नाही.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी ह्यांच्या दरम्यान पुरात अडकली आणि दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा वेळी माणूस शोधखिडकीत काय लिहितो? ‘बदलापूर पूर’. आणि सूचना काय लिहिलेली असते? ‘बदलापुरात पुरामुळे वाहतूक बंद’. दोन्हींत समान असा एकही शब्द यंत्राला दिसत नाही. सामान्य विश्लेषकाला दिसत नाही आणि हिंदी विश्लेषकालाही दिसत नाही. चतुर माणसाने ‘पुरा’ ह्या आरंभाचे सर्व शब्द मागविले, तर ‘पुरामुळे’बरोबर ‘पुरावा’, ‘पुराण’ आणि ‘पुरातत्त्व’ ही मंडळीही येतात. आणि अंबरनाथच्या मंदिरामुळे ह्या भागाच्या कागदपत्रांत शेवटच्या शब्दाची वाण नाही. त्यातच ‘ॲम्ब्युलन्स’ सारखा शब्द. युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह २००८ मध्ये आले. त्यापूर्वीच्या आणि अजूनही चालणाऱ्या लेखनात ते ‘अ’ आणि चंद्र जोडून केलेले असते. डोळ्यांना दोन्ही सारखे, सामान्य विश्लेषकाला निराळे.

येथे लॉगचा प्रश्न येतो. लॉग म्हणजे यंत्रणेने स्वतःविषयी ठेवलेली रोजकीर्द : कोणत्या क्षणी कोणती विनंती आली, तिला किती वेळ लागला, किती उत्तरे निघाली. शून्य उत्तरे निघालेल्या विनंत्यांची यादी ही मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ह्या सर्व यंत्रणेतील सर्वांत मौल्यवान वस्तू होय. लोक प्रत्यक्षात कोणती रूपे वापरतात, ऱ्हस्वदीर्घ कसे लिहितात, कोठे हिंदीकडे वळतात, कोठे रोमन लिपी धरतात, ह्याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण. परंतु तो वाचता येत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा लिपीत आहे. ‘बदलापूर’ हा शब्द यंत्राच्या हिशेबाने सात चिन्हांचा. प्रचलित साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. वेबपत्त्यातून जाताना प्रत्येक बाइटच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंकाक्षरे येतात. शब्द ६३ अक्षरांचा होतो. वेबयंत्रणेच्या लॉगमध्ये तो ह्याच रूपात पडतो. रोमन लिपीत तोच शब्द आठ अक्षरांत आणि वाचनीय राहतो. परत मराठीत आणण्याची पायरी कोणी मुद्दाम घातली नाही, तर विश्लेषणपटावर टक्क्यांची माळ तेवढी दिसते. लॉगसेवांचे शुल्क बहुधा आकारमानावर असल्यामुळे मराठीत विचारणाऱ्याचा प्रश्न अधिक महाग आणि कमी वाचला जाणारा ठरतो.

सर्ट-इन ह्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकप्रणालींचे लॉग १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात राखावे लागतात. हे बंधन सुरक्षिततेसाठी आहे. ते जपावयास सांगते, वाचावयास सांगत नाही. मुदत संपली की खर्च वाचविण्यासाठी लॉग आपोआप पुसून टाकण्याचा नियम लावलेला असतो, आणि मराठीच्या निष्फळ विनंत्या यंत्रबिघाडांच्या नोंदींबरोबर निघून जातात. त्या तशाच सर्वांना खुल्या कराव्यात, असे मात्र कोणी सुचवू नये. शोधखिडकीत लोक स्वतःची नावे, आजार, भ्रमणध्वनीचे क्रमांक लिहितात. २०२३ च्या व्यक्तिगत माहितीविषयक कायद्याचा विचार तेथे आधी करावा लागेल. सुटे शब्द आणि त्यांची वारंवारता एवढेच वेगळे काढले, तर अभ्यासाचे काम भागते.

ह्या सर्व विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल. शब्दांची तुलना करण्याऐवजी अर्थाची तुलना करणारी नवी पद्धती आता ह्याच सेवांत उपलब्ध आहे. पुण्यातील एल-थ्री-क्यूब ह्या गटाने २०२२ पासून मराठीची भाषाप्रतिमाने खुली केली आहेत. मग प्रत्ययांची चर्चा कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. ‘गटार तुंबले’ आणि ‘सांडपाणी वाहत नाही’ ह्यांचा संबंध प्रत्ययविचाराने कधीच लागणार नाही. तो तेथे लागतो. पण कॅम्प चार की कॅम्प पाच, कुळगाव की कुडगाव, हा अर्थाचा प्रश्न नसून नावाचा आहे, आणि नाव जसेच्या तसे सापडावे लागते. नागरी कागदपत्रांतील बहुतेक शोध नावांचेच असतात. आणखी एक गोष्ट : प्रत्ययाच्या नियमाने चूक केली तर ती दाखविता येते, वर दाखविली तशी. अर्थतुलनेने चूक केली तर का केली हे सांगणे दुष्कर.

तेव्हा उपलब्ध सामग्रीतून काय निवडावे, ह्याबद्दल फारशी संदिग्धता उरत नाही. हिंदी विश्लेषकाचे पहिले काम, म्हणजे लेखनभेद मिटविणे, घ्यावे. ते सुटे मिळते. गाळावयाच्या शब्दांची हिंदी यादी सोडावी. हिंदीचा प्रत्ययनियम सोडावा. त्या जागी मराठीचा क्रम लावावा : आधी ‘चा, ची, चे, च्या’, मग शब्दयोगी अव्यये, मग ‘ला, ने, त, हून’, आणि शेवटी सामान्यरूपाचा आकार. अंत्य ‘कर’ला हात लावू नये. अंबरनाथसारख्या नावांसाठी सामान्यरूपाचा आकार दुसऱ्या सूचीत जपून ठेवावा, म्हणजे देवाचा शोध देवाकडे आणि गावाचा गावाकडे अधिक वजनाने जाईल. ‘कॅम्प’, ‘कैंप’, ‘क्र.’, ‘नं.’ ह्यांची समानार्थी यादी निराळी द्यावी. हे सर्व आजच्या सेवांत करता येते आणि त्याला वेगळे शुल्क नाही. प्रत्ययांचे शंभरेक नियम आणि अपवादांची एक यादी, एवढेच ते काम आहे. मात्र ते अभियंत्याने एकट्याने करावयाचे नाही. ‘दर्‍या’ आणि ‘दर्या’ ह्यांत अर्धा र कोठला आणि पूर्ण र कोठला, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि लेखनभेद मिटविताना डोंगरातील दऱ्या समुद्रात मिळतात.

क्रमालाही महत्त्व आहे. समानार्थी शब्दांची यादी शोधाच्या वेळी लावली असेल तर ती केव्हाही बदलता येते. प्रत्ययाचा नियम बदलला तर आधी घातलेला सर्व मजकूर पुन्हा सूचीबद्ध करावा लागतो, आणि काही लाख कागदांच्या संग्रहात ते काम कोणी आनंदाने हाती घेत नाही. म्हणून नियमांचा मसुदा पहिला कागद आत जाण्यापूर्वी तयार असावा लागतो, आणि तो करणाऱ्याच्या मेजावर सेवेच्या माहितीपुस्तिकेशेजारी दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणातील सामान्यरूपाचा भाग उघडा असावा लागतो.